हिला आलेले फोन

सोमवार, ४ मार्च

दुपारी जेवून उठत होतो, तेवढ्यात फोन वाजला. जेवणानंतरच्या वेळी सभ्य माणूस दुसऱ्याच्या घरी फोन करीत नाही, हे मी जन्मभर सांगत आलो आहे. ऐकतो कोण? उचलला. आरोग्यविमा कंपनीतून एक तरुण मुलगी बोलत होती. पहिल्याच वाक्यात तिने मला ‘काका’ केले. मी तिचा काका नाही, हे सांगून कामाचे बोलावे अशी विनंती केली. तिला हिच्याशी बोलायचे होते. सत्तरी ओलांडलेल्या सभासदांची कंपनी यंदापासून फोनवरून विचारपूस करणार, प्रश्न अगदी साधे, मात्र उत्तरे ज्याची त्याने द्यायची, एवढा अर्थ तिच्या पाल्हाळातून मला काढावा लागला.

असल्या फोनांवरून लोक लुबाडले जातात. म्हणून आधी मीच तिची तोंडी परीक्षा घेतली. पॉलिसी कोणाच्या नावे, कोणत्या महिन्यात नूतनीकरण, कार्यालयाचा क्रमांक काय; तो मी मोठ्याने म्हणून पडताळून घेतला. ती उत्तीर्ण झाली, तेव्हाच हिला बोलावले आणि स्पीकरचे बटण दाबून समोर बसलो.

झोप लागते का, चक्कर येते का, गेल्या वर्षात कुठे पडणे झाले का. ही मजेत बोलत होती. ‘काकू’ म्हटलेले हिला चालते. मग ती मुलगी म्हणाली, आता मी तीन शब्द सांगते, शेवटी पुन्हा विचारीन: चावी, नदी, खुर्ची. पुढचा प्रश्न, आज वार कोणता? हिने मान वळवून खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाली, “सोमवार. समोरच्यांनी चादरी वाळत घातल्यात ना.” निरीक्षणातून निष्कर्ष! किती जणांना जमते?

शेवटी तीन शब्दांची पाळी आली. ही थोडी थांबली. आपण बसलो आहोत त्या वस्तूकडे पाहून ‘खुर्ची’ म्हणाली, आणि मग हसली. “अगं बाई, सगळ्या शहराचे नंबर पाठ होते मला. तुझ्या तीन शब्दांना आता जागाच उरली नाही.” मुलगीही हसली, पण पलीकडे काहीतरी टंकल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करते, म्हणाली. गरज वाटली तर स्मरणशक्तीच्या तज्ज्ञ डॉक्टर घरी येऊन पाहतात, ते पॉलिसीतच बसते.

गरज वाटली तर! एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले तीन शब्द, आणि त्यावरून माणसाची पारख. परीक्षा विभागाचा प्रमुख असताना अशी प्रश्नपत्रिका माझ्या टेबलावर आली असती, तर ती मी काढणाऱ्याकडे परत पाठवली असती. शिवाय माझी खात्री आहे की कंपनीला आजार शोधून हात झटकायचे आहेत.

बुधवार, ६ मार्च

ही मटार सोलीत बसली होती. मी सहज विचारले, आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या कार्यालयाचा नंबर काय होता? वर न पाहता सांगितला. अग्निशमन दलाचा? सांगितला. मोठ्या रुग्णालयाचा, रेल्वे चौकशीचा, तिच्या वडिलांच्या दुकानाशेजारच्या औषधवाल्याचा? सगळे सांगितले, शेंगा सोलण्याची लय न मोडता. पैकीच्या पैकी. कंपनीच्या त्या मुलीने हे ऐकायला हवे होते.

टेलिफोन एक्सचेंजमधले हिचे ते दिवस आज दिवसभर मनात आहेत. मी तेव्हा नुकता व्याख्याता झालो होतो आणि प्रबंधाच्या कामासाठी दुसऱ्या शहरातल्या माझ्या मार्गदर्शकांना ट्रंक कॉल लावीत असे. ऐन सिद्धतेच्या मध्यावर एक शांत, स्वच्छ आवाज येई: “तीन मिनिटं झाली.” आणि कॉल तुटे. दोनदा सोसले, तिसऱ्यांदा लेखी तक्रार केली. त्यांच्या वरिष्ठांनी दोघांना समोरासमोर बोलावले. लांबलचक बोर्ड, त्यावर लुकलुकणारे दिवे, कानाला यंत्र लावून ओळीने बसलेल्या मुली. त्यांच्यातली एक उठून आली. “साहेब, यांना मी दर वेळी थोडं जास्तच बोलू दिलंय,” ती म्हणाली. “यांचा विषय संपेल म्हणून वाट बघायचे. तो संपतच नाही.” वरिष्ठ हसले. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कॉल लावला. मार्गदर्शकांना सांगण्यासारखे माझ्याकडे काहीही नव्हते.

लग्नानंतर ही पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा तिने मला पत्र पाठवले होते. ते मी लाल शाईने तपासून, समासात सूचना लिहून, उलट टपाली तिला पाठवले. तिने पुन्हा पत्र म्हणून लिहिले नाही. एक्सचेंजमधल्या मैत्रिणींकरवी फोन करू लागली. हा किस्सा मी पाहुण्यांना नेहमी सांगतो. सगळे खूप हसतात. ही चहा आणायला आत जाते.

रविवार, १० मार्च

आमच्या मुलीचा फोन. ही आत असताना ती हळू आवाजात म्हणाली, “बाबा, आई मला मागच्या वेळी तीनदा मावशीच्या नावानं हाक मारत होती. आणि तेच तेच विचारते. तुमच्या लक्षात नाही आलं?” माझ्या लक्षात येत नाही असे या घरात काही घडत नाही, असे मी तिला सांगितले. आईला बहीण एकच, मुलगी एकच. जिभेवर दोन नावे शेजारी राहतात. माझी आई आम्हा पाच भावंडांची हजेरी घेतल्याशिवाय योग्य नावापाशी पोहोचत नसे, आणि तिला कोणी डॉक्टर दाखवला नाही.

मुलगी म्हणाली, “बरं.” हे ‘बरं’ तिने माझ्याकडूनच उचलले आहे. मला ते आवडले नाही.

सोमवार, ११ मार्च

दुसरा फोन. यावेळी मी तयारीत होतो.

कंपनीच्या मुलीने नवे तीन शब्द दिले: दिवा, घोडा, पाऊस. मी ते वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ठळक अक्षरांत लिहिले आणि योग्य क्षणी हिच्यासमोर धरले. वाराच्या वेळी ओठांनी सांगितले. महिन्याच्या वेळीही. शंभरातून सात सात वजा करण्याचा प्रश्न आला, तेव्हा बोटांनी. हिने सगळे अचूक सांगितले. मुलगी म्हणाली, “काकू, या वेळी एकदम छान.”

आयुष्यभर मी परीक्षागृहांत फिरलो. बाकाखालून सरकणारा कागद पाठमोरा असतानाही मला कळत असे. एका मंत्र्याच्या पुतण्याला मी वर्गातून उठवले आहे, आणि त्या वेळी आलेल्या फोनांना काय उत्तर दिले ते आजही लोक सांगतात. तेव्हा आज मी जे केले त्याला कॉपी म्हणता येईल का, याचा विचार दुपारभर केला. येणार नाही. परीक्षेत ज्ञान तपासतात. येथे एका स्वस्थ व्यक्तीला चुकीच्या पद्धतीने तपासले जात आहे. चुकीच्या मापनाची दुरुस्ती करणे हे मापन जाणणाऱ्याचे कर्तव्यच आहे.

फोन ठेवल्यावर ही वर्तमानपत्राच्या त्या कडेकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “तुमचं अक्षर अजून किती सुंदर आहे हो.” एवढेच.

शुक्रवार, १५ मार्च

या इमारतीच्या वास्तुविशारदाला कोणी पदवी दिली कोण जाणे. प्रत्येक मजल्यावर तोच तपकिरी दरवाजा, तीच पाटी, तीच पायपुसणी. आज ही भाजी घेऊन परत येताना दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि तिथल्या कुलपात आमची किल्ली फिरवीत राहिली. तिथले शिंपीकाका बिचारे सज्जन. त्यांनी दार उघडून हिला वर आणून सोडले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, वहिनी मागच्या आठवड्यातही आल्या होत्या. आम्ही काही बोललो नाही.” मी त्यांना दरवाजांच्या एकसारखेपणाबद्दल सांगितले. त्यांनी मान डोलावली. शिंप्याला मापातला फरक कळायला हवा, पण असो.

संध्याकाळी चहात साखर दोनदा पडली होती. मी पिऊन टाकला. गोड चहा मला लहानपणी आवडत असे.

शनिवार, १६ मार्च

हिची उजळणी घेण्यास प्रारंभ केला आहे. सकाळी चहानंतर आणि दुपारी चार वाजता. तारीख, वार, महिना, ऋतू. नंतर तीन शब्द, मध्ये थोडे अवांतर बोलणे, पुन्हा तीन शब्द. पद्धतशीर सरावाने काहीही साध्य होते, यावर माझा विश्वास आहे. याच पद्धतीने मी मुलीला पाढे शिकवले होते, आणि आज ती कुठल्या कुठे पोहोचली आहे.

दुपारच्या सत्रात हिने तीनदा वार विचारला. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. आत्ताच सांगितलं ना, म्हणालो. ही म्हणाली, “हो, सांगितलंत. चुकले.” आणि पुढचा प्रश्न विचारा म्हणून हात मांडीवर घेऊन बसली, शाळेतल्या मुलीसारखी.

मला मुलीचे पाढे आठवले. तेराच्या पाढ्यावर ती रडली होती. ही तेव्हा स्वयंपाकघरातून येऊन तिला उचलून घेऊन गेली होती, माझ्याशी एक शब्दही न बोलता.

सोमवार, १८ मार्च

तिसरा फोन, आणि यश. वार, महिना, वजाबाकी, शब्द, सगळे बरोबर. मी फार थोडे सांगितले. म्हणजे शब्द लिहून धरले, बाकी जेमतेम खुणा. मुलगी म्हणाली, “छानच, काकू. मग डॉक्टरांच्या भेटीची गरज दिसत नाही. मी तुमची फाइल बंद करते हं.”

मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले. इतक्या दिवसांत प्रथमच खांद्यावरून ओझे उतरल्यासारखे वाटले. ही मात्र रिसीव्हर हातात धरून बसली होती. तिने विचारले, “म्हणजे ती आता फोन नाही करायची?” नाही, मी म्हणालो, सुटलो आपण. ही ‘हं’ म्हणाली आणि आत जाऊन पडली. चार प्रश्नांच्या दडपणानेही माणूस थकतो. विद्यार्थ्यांचेही निकालानंतर असेच होते.

गुरुवार, २१ मार्च

आज जे घडले ते क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर लिहिता येणार नाही.

सकाळी वाचनालयात गेलो. चष्मा घरी राहिला होता, म्हणून लगेच परतलो. माझ्या किल्लीने दार उघडले. ही फोनपाशी, दाराकडे पाठ करून बसली होती. पाठ ताठ, मान किंचित कलती, आणि आवाज तोच, जो मी पहिल्यांदा ऐकला होता तो. कोणाचा तरी फोन आला, असे मला वाटले. पण फोन आलेला नव्हता. हिने लावला होता. कंपनीचा क्रमांक पहिल्या दिवशी मी त्या मुलीकडून वदवून घेतला होता, तो हिने ऐकून ठेवला होता. तीन शब्द राहिले नाहीत, तो राहिला.

मी चप्पल न काढता पॅसेजमध्ये उभा राहिलो. दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकणे मला निषिद्ध आहे. मी ऐकले.

ती मुलगी काहीतरी म्हणाली असावी. ही म्हणाली, “नाही गं, ती उत्तरं माझी नव्हती. हे समोर बसून सांगत होते. रागावू नकोस त्यांच्यावर. त्यांना चूक बघवत नाही, कधीच नाही. म्हणून मी माझ्या चुका त्यांच्यापासून लपवते, आणि ते त्याच चुका तुझ्यापासून लपवतात. आता तूच सांग, हा पेपर आहे तरी कोणाचा?”

थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “भीती वाटते ना. परवा गॅस चालू राहिला होता. ह्यांना कळायच्या आत खिडक्या उघडल्या मी. डॉक्टरांना पाठव, बाई. मला काय झालंय ते मला ऐकायचंय. जेवढं ऐकून समजतंय तेवढ्यात.”

माझ्या हातातली किल्ली वाजली असावी. हिने मागे वळून पाहिले. दचकली नाही. रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायचे. दोन माणसं बोलायला लागली की ऑपरेटरनं लाइनवरून उतरायचं.” थांबली. “उतरा.”

मी जिना उतरून खाली गेलो. इमारतीपुढच्या बाकावर बसलो. शिंपीकाका दुकानात निघाले होते, ते शेजारी बसले. त्यांची दुकान उघडण्याची वेळ टळून गेली असणार.

रविवार, २४ मार्च

तीन दिवस आम्ही घरातल्या घरात फार सभ्यपणे वागलो. आज सकाळी हिच्या केसांतला गुंता सुटत नव्हता, कंगवा मी घेतला. तिचे तोंड माझ्याकडे नव्हते म्हणून मला विचारता आले. मला का नाही सांगितलंस?

“तुम्ही दुरुस्त करायला घेतलं असतंत,” ही म्हणाली.

गुंता सुटल्यावर मी उठलो. उजळणीचे वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेले होते, ते काढले.

दुपारी मुलीचा फोन आला. तिला सांगितले की तुझे बरोबर होते. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही जेवलात का?” का कोण जाणे, या प्रश्नाचे उत्तर मला दोनदा द्यावे लागले; पहिल्यांदा तिला ऐकू गेले नाही. ती पुढच्या महिन्यात येते आहे.

मंगळवार, २६ मार्च

विमा कंपनीतून फोन. ती मुलगी. या वेळी तिला माझ्याशी बोलायचे होते; डॉक्टरांच्या भेटीचा दिवस ठरवायचा होता. मी तिला म्हणालो की मागच्या दोन्ही वेळची उत्तरे बाद धरावीत. “धरलीत मी,” ती म्हणाली. “माझ्या आजोबांनी पण आजीला असंच सांगितलं होतं, काका. सगळेच सांगतात.” सगळेच! या एका शब्दाने मला जेवढे बरे वाटले, तेवढेच वाईटही वाटले. ‘काका’ म्हटले तिकडे माझे लक्ष नंतर गेले.

मंगळवार, २ एप्रिल

डॉक्टर आल्या. मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या, बूट दाराबाहेर काढून ठेवणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी मला नम्रपणे स्वयंपाकघरात बसायला सांगितले. दार लोटले, पण या घराची दारे नीट लागत नाहीत.

आज कोणता वार? मी ऐकले. खिडकीचा पडदा त्यांनी आधीच ओढून घेतलेला होता. बाई पेपर काढायला शिकलेल्या होत्या. ही गप्प. मी ओटा धरून उभा होतो. मंगळवार, मंगळवार. ओठ आपोआप हलत होते, कोणाला दिसणार नव्हते तरी. मग हिचा आवाज आला, स्वच्छ, ट्रंक लाइनवरून यावा तसा.

“येत नाही.”

इतके साधे. त्यात लाज नव्हती. हजारो विद्यार्थ्यांसमोर उभा राहिलो, पण हे दोन शब्द मी कधी उच्चारले असतील असे आठवत नाही. डॉक्टर म्हणाल्या, “चालेल.” आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या. पुढेही दोनतीनदा तसेच झाले. एकदा दोघी कशावरून तरी हसल्या. कशावरून ते मला कळले नाही.

नंतर मला बाहेरच्या खोलीत बोलावले. डॉक्टरांनी विचारले, घरात तुम्हाला काय काय बदल जाणवले, केव्हापासून? मी हिच्याकडे पाहिले. हिने मान हलवली, म्हणजे सांगा. मी सांगू लागलो. नावे बदलतात. दुसऱ्या मजल्यावर थांबते. साखर. वार पुन्हा पुन्हा विचारते. हिवाळ्यापासून, असे म्हणालो, आणि मग म्हणालो, नाही, त्याच्याही आधीपासून. मला दिसत होते. ही लक्ष देऊन ऐकत होती, दुसऱ्या कोणाबद्दल ऐकावे तसे. मी थांबल्यावर म्हणाली, “गॅस राहिला, अहो. गॅसचं सांगा.” मी गॅसचे सांगितले.

डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले. आणखी तपासण्या करायच्या आहेत. पण अंदाज पक्का दिसतो. औषधाने वेग थोडा कमी होतो, मागे जाता येत नाही. लवकर कळले हे चांगले झाले, असे दोनदा म्हणाल्या. गॅसला आपोआप बंद होणारी कळ बसवायची, दारावर ओळखीची खूण लावायची. आणि माझ्याकडे वळून, परीक्षा घ्यायची नाही. त्या विचारतील तेवढे सांगायचे.

डॉक्टर गेल्यावर मी शिंपीकाकांना खुणेबद्दल सांगितले, आणि थोड्या वेळाने ते येऊन दाराला एक लाल कापडी फूल अडकवून गेले. टाके अप्रतिम आहेत. देठ किंचित तिरका आहे. तो तसाच असू दिला.

संध्याकाळी गॅलरीत बसलो. ही एक्सचेंजबद्दल बोलत होती. पहाटेच्या पाळीला बोर्डावर एकही दिवा नसे, म्हणाली, आणि मग एकदम कुठल्यातरी गावाचा दिवा लागे आणि वाटे, कोणीतरी जागे आहे. हे तिने मला पूर्वी कधी सांगितले नव्हते. किंवा सांगितले असेल, मी बोलत असेन.

मध्येच थांबून तिने विचारले, “आज वार कोणता हो?”

मंगळवार, मी म्हणालो.

पाने घेताना पुन्हा विचारले. मंगळवार, मी म्हणालो.